तुलनेसाठी एक निरोगी माणूस

आजारी माणूस कुठेही मिळतो. निरोगी माणूस मात्र शोधून काढावा लागतो आणि सापडलाच तर जपावा लागतो. जनुक संशोधन संस्थेला हे सत्य फार लवकर कळले. मधुमेहासारखा गुंतागुंतीचा आजार कोणाला होण्याचा संभव आहे, हे जनुकांतल्या बारीकसारीक बदलांवरून आधीच सांगता यावे, असा संस्थेचा उदात्त हेतू होता. त्यासाठी करायचे ते इतकेच: पाचशे मधुमेही आणि पाचशे निरोगी माणसांची लाळ घ्यायची, दोघांची जनुके शेजारी शेजारी मांडायची आणि फरक बघायचा. मधुमेही बघता बघता जमले. (काही जण तर नातेवाइकांनाही घेऊन आले.) निरोगी मिळता मिळेनात. जे मिळाले तेही बेभरवशाचे निघाले. अभ्यास लांबत गेला तसतसे एकेक करून आजारी पडले आणि संस्थेने त्यांना सन्मानाने रुग्णांच्या गटात बढती दिली. शेवटी निरोगी गटात एकच माणूस उरला. तो संस्थेची लिफ्ट चालवायचा आणि सगळे त्याला लिफ्टमामा म्हणायचे.

एका माणसाला गट म्हणता येईल का, अशी शंका सांख्यिकी विभागातल्या बाईंनी काढली. संख्येपेक्षा दर्जा महत्त्वाचा, असे सांगून संचालकसाहेबांनी ती निकालात काढली.

मामांची निवड रीतसर झाली होती. तेव्हा त्यांची साखर ठीक होती. घराण्यात कोणाला हा आजार आहे का, हे विचारण्यासाठी एक अतिशय नम्र मुलगी नेमलेली होती. आजाराचे तोंडावर विचारणे तिला बरे दिसेना, म्हणून तिने विचारले, "घरचे सगळे बरे आहेत ना?" असे कोणी विचारले की भला माणूस जे म्हणतो तेच मामा म्हणाले, "हो, मजेत आहेत." (वडील साखरेनेच गेले होते आणि आईचा पाय कापावा लागला होता. पण दोघेही आता हयात नसल्यामुळे त्यांना कसलाही त्रास नव्हता.) मुलीने 'घराण्यात आजार नाही' असे लिहून घेतले.

मग मामांची लाळ तपासली गेली आणि प्रयोगशाळेत धावपळ उडाली. धोक्याचे म्हणून शोधून काढलेले झाडून सगळे बदल मामांच्या जनुकांत होते. इतके बदल पाचशे रुग्णांपैकी एकाकडेही नव्हते. एखादा लेचापेचा शास्त्रज्ञ इथे घाबरला असता. संचालकसाहेबांनी मात्र सरळ विचार केला: एवढे बदल असून हा माणूस ठणठणीत आहे, त्या अर्थी हे बदल धोक्याचे नाहीतच; उलट त्यांच्यामुळेच तो ठणठणीत असणार. ते सगळे बदल 'धोकादायक' या रकान्यातून उचलून 'संरक्षक' या रकान्यात बसवण्यात आले आणि मामांचा फोटो संस्थेच्या दारात लागला. आयुष्यभर दुसऱ्यांना वर सोडून स्वतः खाली आलेल्या माणसाला पहिल्यांदाच कोणी मान देत होते. मामा खूश होते, आणि का नसावेत?

त्यानंतर मामांना तहान लागू लागली. स्टुलाखाली पाण्याची एक बाटली असायची, तिथे तीन आल्या. संस्थेने नोंद घेतली: 'पाणी भरपूर पितात.' वजन झरझर उतरले: 'अंगावर चरबी साठू देत नाहीत.' रात्री सारखे लघवीला उठावे लागे: 'झोपेच्या आहारी गेलेले नाहीत.' संस्थेतले निम्मे कर्मचारी मामांचे अनुकरण करू लागले आणि मुतारीबाहेर रांग लागू लागली.

घरी मामी शिवणकाम करत. मामांच्या पँटी कमरेत पुन्हा आत घेताना उरलेले कापड त्यांच्या हातात आले आणि त्यांनी मशीन थांबवले. सासूबाईंचे सगळे त्यांनीच केले होते.

"आईंचं असंच सुरू झालं होतं," त्या म्हणाल्या. "उद्या आधी रक्त तपासून घ्या."

मामाही मनातून घाबरले होते. बुटाने चावलेला अंगठा भरून येत नव्हता, तो ते मोज्यात लपवून ठेवत. दुसऱ्या दिवशी त्यांनी संचालकसाहेबांकडे विषय काढला. साहेबांनी मायेने खांद्यावर हात ठेवला. निरोगी गटाला अधेमधे तपासणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे, असे त्यांनी समजावले. शिवाय भलतेसलते निघालेच तर गट शून्यावर येईल आणि शून्याशी तुलना अजून कोणाला जमलेली नाही.

"थोडा दम धरा, मामा," साहेब म्हणाले. "एकदा शोधनिबंध छापायला गेला की हवे तेवढे आजारी पडा."

मामा कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी बोटातून थेंब घेतला, यंत्रावरचा आकडा पाहिला आणि मग मामांचा चेहरा पाहिला. दारातला फोटो त्यांनी येता-जाता पाहिलेला होता. त्यांनी यंत्र दुरुस्तीला पाठवले आणि मामांना घरी.

निबंध जायच्या आदल्या दिवशी मामा लिफ्टमध्येच स्टुलावरून कोसळले. वरच्या मजल्यावर मधुमेहाचा वॉर्ड होता, पण तिथे त्यांना कोणत्या नात्याने न्यावे यावर तातडीची बैठक भरली. रुग्ण म्हणावे तर अभ्यास बुडतो. 'पाहुणे' या शब्दावर एकमत होत आले होते, तेवढ्यात मामी आल्या. गळ्यात माप घ्यायची टेप तशीच होती.

"साहेब, तुम्हाला दुसरा गट मिळेल," त्या म्हणाल्या. "मला दुसरा नवरा नको आहे. आधी यांना इन्सुलिन द्या."

बैठकीने हा मुद्दा विचारार्थ घेतला. सांख्यिकीच्या बाई मात्र उठल्या आणि कोणाला न विचारता नर्सला घेऊन आल्या. मामा वाचले. उजवा पाय घोट्याच्या वरपर्यंत गेला.

निबंध ठरल्या दिवशी गेला, छापला गेला आणि वाखाणला गेला. निरोगी गट अभ्यासाच्या काळात निरोगी होता, त्यानंतरची प्रकृती ही त्याची खासगी बाब होय, असे त्यात प्रामाणिकपणे नमूद आहे. त्याच आधारावर आता घरबसल्या डबीत थुंकून चाचणी करता येते. तुम्हीही केलीच असेल. 'आपली जनुके निरोगी माणसाशी तंतोतंत जुळतात' असा निकाल आल्यावर तुम्ही सुटकेचा निःश्वास टाकला असेल, तो निकाल चारचौघांत दाखवला असेल आणि जेवणानंतर पुन्हा गोड मागून घेतले असेल. तो निरोगी माणूस हल्ली कुबडी टेकून लिफ्ट चालवतो. कधी त्या बाजूला गेलात तर त्याला जरूर भेटा. तुमच्यात आणि त्याच्यात संस्थेला काहीही फरक सापडलेला नाही.