सरांचा आवाज आणि मामींची गादी

सरांनी गादी भिंतीला उभी करायला घेतली तेव्हा मामी तिच्यावर झोपलेल्या होत्या. दुपारचा नुकता कुठे डोळा लागला होता आणि अंगाखालचं अंथरूण एकदम चढणीला लागलं.

"अहो! भूकंप आहे की काय?"

"भूकंप नाही, ध्वनिशोषण," सर म्हणाले. "ऊठ. गादी स्टुडिओत चालली आहे."

स्टुडिओ म्हणजे मागची खोली. परवापर्यंत सगळं घर तिला अडगळीची खोली म्हणत असे.

सर भूगोलाचे, आता निवृत्त. पण आवाज काही निवृत्त झालेला नव्हता. शाळेत त्यांना कधी माइक लागला नाही. घंटा बिघडली की शिपाई धावत यायचा, "सर, तेवढं 'तास संपला' म्हणता का?" सर जागेवरूनच म्हणायचे आणि तीन मजल्यांची दप्तरं भरली जायची. "माझ्या तासाला एक पोरगं झोपलं असेल तर दाखवा!" हे वाक्य घरी येणाऱ्या प्रत्येकाला पाण्याच्या पेल्याबरोबर मिळत असे.

"झोपतील कशी?" मामी स्वयंपाकघरातून म्हणायच्या. "कानाशी ढोल वाजत असताना झोप लागते होय कुणाला?"

खालच्या मजल्यावर तान्ह्या बाळाची आई राहत होती, तिचंही हेच मत होतं. सर फोनवर नुसतं 'हॅलो' म्हणाले तरी तिचं बाळ जागं व्हायचं.

अशा या सरांना ऐकायची पुस्तकं काढणाऱ्या एका कंपनीने कळवलं होतं की घरीच शांत खोलीत थोडं वाचून शनिवारपर्यंत नमुना पाठवा, आवडला तर पुस्तकं वाचायला देऊ. सरांनी 'आवडला तर' एवढे दोन शब्द गाळून ही बातमी वाण्याला, दूधवाल्याला आणि झाडून सगळ्या शेजाऱ्यांना सांगून टाकली. आता निवड झाली नसती तर जिन्यातून तोंड लपवून उतरायची वेळ आली असती. बोलून दाखवलं नाही तरी सरांना त्याची धास्ती होती.

मदतीला जावई आले. नोकरी विमा कंपनीत, पण आवाजाच्या शास्त्रातले स्वयंभू पंडित. त्यांनी दुकानातला सगळ्यात नाजूक कानाचा माइक उचलून आणला.

"बाबा, मुंगी चालली तरी ऐकतो हा!"

"वा, जावईबापू! सामान असं पाहिजे," सर म्हणाले. मुंगीची सोय झाली, सरांचं काय, हा विचार दोघांच्याही मनात आला नाही.

पहिल्याच रेकॉर्डिंगमध्ये माइकने इमानेइतबारे सगळं ऐकलं. पंखा, फ्रीजची घरघर, भिंतीवरचं घड्याळ आणि सरांचं पोट. लगेच पंखा बंद झाला. घड्याळ पिठाच्या डब्यात गेलं. फ्रीजचं बटण बंद केलं, ते चालू करायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही आणि संध्याकाळी दूध नासलं.

"पोटाचं काय करायचं?" जावयांनी विचारलं.

"जेवून वाचू," सर म्हणाले.

मग सरांनी खरा सूर लावला. कॉम्प्युटरवरची आवाज मोजणारी हिरवी पट्टी टणकन लाल झाली.

"बाबा, जरा हळू."

"हे हळूच आहे!"

माइक मागे सरकवत सरकवत दारापर्यंत नेला. लाल रंग गेला, पण आता आवाज विहिरीतून आल्यासारखा यायला लागला. जावयांनी खोलीच्या मधोमध उभं राहून टाळी वाजवली. ती घुमली.

"ऐकलंत? तुमच्या मागोमाग खोली बोलतेय."

"बोलू दे की! वर्गसुद्धा माझ्यामागून म्हणायचा."

"कंपनी नाही चालवून घेणार, बाबा. भिंतींची तोंडं बंद करायला लागतील."

झालं! भिंतींना लावायला अंड्यांचे ट्रे ठरले. दुकानदार रिकामे ट्रे देईना म्हणून सरांनी भरलेले आणले. सगळी अंडी टोपल्यांत काढून ट्रे भिंतीवर चिकटवल्यावर जावयांच्या वाचनात आलं की त्याने काही उपयोग होत नाही, जाड आणि मऊ काहीतरी लागतं. फ्रीज गरम, अंडी ढीगभर. घर दोन्ही वेळा ऑम्लेट खायला लागलं. जाड आणि मऊ म्हणून रजया गेल्या, पडदे गेले, सोफ्याच्या उशा गेल्या, थंडीचे कोट दोरीवर टांगले गेले, आणि शेवटी मामींच्या अंगाखालची गादी गेली.

"आणि मी झोपू कुठे?"

"चार दिवस सतरंजीवर. कलेसाठी एवढंही नाही करणार?"

"कला तुमची आणि पाठ माझी!" मामी म्हणाल्या. पण गादीचं एक टोक धरून तिला दारातून आत घालायला त्यांनीच हात लावला.

शेवटी खोली तयार झाली. जावयांनी टाळी वाजवली तर ती जागच्या जागी मेली. मोठ्या दिमाखात सर खुर्चीवर बसले, पुस्तक उघडलं आणि म्हणाले, "डोंगरात एक नदी जन्मते." वाक्य ओठांतून निघालं आणि समोर पडलं. ना घुमणं, ना गाजणं. सरांनी घसा खाकरून पुन्हा म्हटलं. पुन्हा तेच.

"अगं, ऐकलंस का? माझा आवाज गेला!"

मामी मिठाचं कोमट पाणी घेऊन धावल्या. सरांनी गुळण्या केल्या. फरक शून्य.

"बाबा, आवाज कुठेही गेलेला नाही," जावई आनंदाने म्हणाले. "हाच तुमचा आवाज. बाकीचा भिंतींचा होता."

मामींनी जावयांकडे असं पाहिलं की ते बिचारे उगाचच वायर गुंडाळायला लागले.

"म्हणजे इतकी वर्षं," सर हळूच म्हणाले, "लोक शाळेच्या हॉलचं कौतुक करत होते?"

सरांनी स्टुडिओचं दार लावून घेतलं. जेवायलाही आले नाहीत. अंड्यांना कंटाळले म्हणावं तर तसंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शनिवार उजाडला. सकाळीच मामी दार ढकलून आत गेल्या. सतरंजीने पाठ मोडून गेली होती आणि चार शब्द सुनवायचे म्हणूनच त्या निघाल्या होत्या, पण नवऱ्याचा उतरलेला चेहरा बघून त्यांनी ते चार शब्द बदलले.

"लेक तापाने फणफणली होती, तेव्हा तिच्या उशाशी बसून नद्यांची नावं कोण सांगत होतं?" त्या म्हणाल्या. "तिथे कुठला हॉल होता? तोच आवाज मला आवडतो. वाचा बघू. माइककडे बघू नका, माझ्याकडे बघा."

त्या गादीला टेकून बसल्या. जावयांनी दारातून वाकून माइक चालू केला आणि सर वाचू लागले. नदी डोंगर उतरली, दरीतून वळली, आणि मैदानात येते न येते तोच मामींची मान कलली. सरांनी गर्जना करायला तोंड उघडलं. मग त्यांना सतरंजी आठवली. तोंड मिटलं, आवाज आणखी खाली आणला आणि बायकोची झोप मोडणार नाही अशा बेताने नदी समुद्राला नेऊन पोचवली.

"हेच पाठवू," जावई म्हणाले. "लाल न झालेलं आणि न घुमलेलं एवढं एकच आहे."

"अहो, त्यात ही घोरतेय!"

"मी घोरत नाही," मामी डोळे चोळत म्हणाल्या.

"आई, हा माइक मुंगीसुद्धा ऐकतो."

घोरणं जमेल तेवढं काढून टाकलं आणि दुसरा इलाज नव्हता म्हणून नमुना गेला.

कंपनीचा फोन आला तेव्हा सगळे टेबलाभोवतीच होते. "हॅलो!" सर म्हणाले. खाली बाळ रडायला लागलं.

"अभिनंदन सर, आम्ही तुमचा आवाज निवडलाय," फोनवरच्या बाई म्हणाल्या.

सरांची छाती फुगली. "वाटलंच होतं! मग काय वाचायचं? भूगोल की प्रवासवर्णनं?"

"झोपेच्या गोष्टी, सर. ज्यांना झोप लागत नाही त्यांच्यासाठी. खरं सांगू? तुमचा नमुना आमच्यापैकी कुणालाच शेवटपर्यंत ऐकता आला नाही. नदी मैदानात आली की सगळे झोपतात. असा आवाज आम्ही कधीपासून शोधतोय!"

सर मटकन खाली बसले. मामी गादी परत आणायला मागच्या खोलीत गेल्या.

तेवढ्यात दारावर थाप पडली. बाळाची आई रडतं बाळ घेऊन उभी होती. "सर, हात जोडते तुम्हाला! आत्ता कुठे झोपलं होतं हो हे!"

सर उठले. त्यांनी बाळ खांद्यावर घेतलं आणि अगदी खालच्या पट्टीत सुरू केलं, "डोंगरात एक नदी जन्मते..." बाळ आधी हुंदके देत राहिलं, मग गप्प झालं. दरी येईपर्यंत त्याचे डोळे जड झाले. मैदान लागलं आणि बाळ गाढ झोपलं. दाराच्या चौकटीला टेकलेल्या आईने मोठी जांभई दिली. जावयांचीही मान टेबलावर गेली होती.

सरांनी सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली. त्यांची पाठ हळूहळू ताठ झाली, छाती पुन्हा भरून आली, आणि उभ्या जन्मात पहिल्यांदाच त्यांनी कुजबुजत फुशारकी मारली, "माझ्या तासाला कुणी जागं राहून दाखवावं!"

यावर मामींचं उत्तर ठरलेलं असायचं. सर थांबून राहिले, पण उत्तर आलं नाही. मागच्या खोलीच्या उघड्या दारात, उभ्या गादीला टेकून, मामी दरीतच झोपल्या होत्या.