बोजोलेवाले कैतानकाका

कैतानकाका बाटली उघडण्याआधी तिला विचारतात, "गाव कुठलं गं तुझं?"

ऑस्ट्रेलियातल्या पॉइंट कुकला आमच्या दोघांच्या घरांच्या मधे एक लाकडी कुंपण आहे. लॉकडाऊन लागला आणि माझं वाइनचं शिक्षण त्या कुंपणापाशी सुरू झालं. तोवर लेबलवर कांगारू आहे की पेंग्विन, एवढं बघून मी बाटली निवडायचो. काका मूळचे वसईचे. उमेदीची वर्षं त्यांनी जहाजांवरच्या किचनमध्ये काढली. संध्याकाळ झाली की मी रिकामा ग्लास कुंपणावर ठेवून मागे सरकायचो. काका मास्क लावून पुढे यायचे, ओतायचे आणि परत आपल्या खुर्चीत जाऊन बसायचे.

"सांग बघू, गाव कुठलं हिचं?"

मी ग्लास फिरवायचो, डोळे मिटायचो आणि व्हिडिओत ऐकलेलं ठोकून द्यायचो. "बोर्दो. लेदरचा वास. जुनी, भारदस्त."

खिडकीतून माझी मुलगी ओरडायची, "डॅड, यू सेड लेदर यस्टरडे टू!"

"अरे, ही बोजोले!" काका कळवळायचे. "हलकीफुलकी पोर ही. चेरी, रासबेरी. जराशी गार करून प्यायची. आणि तू हिची पार आजी करून टाकलीस!"

मग या वाइनच्या द्राक्षाची कुंडली सुरू व्हायची. नाव गामे. बर्गंडीच्या ड्यूकला हे द्राक्ष आवडेना. त्याने फर्मान काढून त्याला हाकललं. दक्षिणेला बोजोलेच्या टेकड्यांवर, ग्रॅनाइटच्या जमिनीत, ते रुजलं. "खडकात सुखी झालं बघ. मोठ्या लोकांना काय कळतंय?" असं म्हणताना काका माझ्याकडे का बघायचे, हे मी कधी विचारलं नाही.

काकांकडे इतरही वाइन होत्या, पण ओतायचे मात्र बोजोलेच. आज तरी वेगळी असेल असं समजून मी रोज चुकायचो. एकदा तर "ऑस्ट्रेलियन!" असंही म्हणालो. त्यावर काका बराच वेळ आकाशाकडे बघत बसले.

शेवटी एकदा मी चिडून म्हणालो, "काका, दुसरी एखादी उघडा ना. निदान मुरवत ठेवता येईल अशी तरी आणा."

काकांनी बाटली खाली ठेवली.

"ही फिलूची आवडती," ते म्हणाले. फिलूमावशी म्हणजे त्यांची बायको. भाचीच्या लग्नासाठी ती वसईला गेली आणि इकडे सीमा बंद झाल्या. तीन वेळा विमानाचं बुकिंग झालं, तिन्ही वेळा रद्द झालं. "प्रत्येक तिकिटाला मी हिच्या बाटल्या आणून ठेवल्या. पण ही साधी बोजोले, ताजीच प्यायची. ठेवली की चेहराच उतरतो. म्हणून तुला पाजतो. तुला काय, फरक कळत नाही."

"मग टिकणारी घ्या ना एखादी. मावशी येईपर्यंत राहील."

काका कुंपणावरचा रंगाचा पोपडा नखाने काढत राहिले.

"टिकणारी आणली, तर फिलू लवकर येणार नाही असं मीच ठरवल्यासारखं होईल रे."

मी "नो वरीज, काका" असं बोलून गेलो. इथल्या इतक्या वर्षांत उठताबसता म्हटलेल्या त्या दोन शब्दांची एवढी लाज कधी वाटली नव्हती.

"थांब, कुकर लावलाय," असं म्हणत काका घाईघाईने आत गेले. मी बराच वेळ तिथेच उभा होतो. शिट्टी काही झाली नाही.