टबातली चाचणी

खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी रविवारी तळ्यावर यायचे मान्य केले, आणि आनंद व्हायच्या आधीच त्याला दाजींच्या होडीतल्या बॅटरीची काळजी लागली. विचारले अर्थातच आईने होते. त्याची त्यांच्याशी ओळख होती ती त्यांच्या दातांच्या दवाखान्यातल्या खुर्चीत, आ वासून. आणि त्या अवस्थेत प्रेमी पुरुष फार तर 'आ' म्हणू शकतो.

होडीची छोटी मोटर बॅटरीवर, जवळजवळ निःशब्द चालायची. त्याचा स्वतःचा आवाज मुळातच एवढा हळू, की पेट्रोलच्या इंजिनाशेजारी त्याने मागणी घातली असती तर माशांनाही ऐकू गेली नसती. मात्र तळ्याच्या मधोमध बॅटरी संपली, तर मागणीबरोबर मागणी घालणाराही बुडणार होता.

चार्जरचा दिवा हिरवा झाला. मीटरने भरघोस आकडा दाखवला. त्याने दाजींना फोन लावला.

"आत्ताच चार्जर काढलास ना? मग मीटर फुशारकी मारणारच," दाजी म्हणाले. "जरा पडू दे तिला. मग मोटर जोडून लोड दे, आकडा किती घसरतो ते बघ."

"मोटर घरातच चालवू?"

"पाण्यात बुडवून चालव, शहाण्या! आणि पाचेक मिनिटं बास."

बुडवण्याजोगे पाणी घरात फक्त बाथटबात मावत होते. दुपारी त्याने टबाच्या काठाला मोटर आवळली, बॅटरी कोरड्या स्टुलावर ठेवली, दाराला कडी घातली. ही बॅटरी गाडीच्या बॅटरीसारखी एका झटक्यात जोर काढून मोकळी होणारी नव्हती. तासन्‌तास मुकाट झिजणे हाच तिचा धर्म. त्याला तिच्याविषयी सख्ख्या बहिणीसारखी माया वाटली. आकडा जागचा हलेना. पाच मिनिटे केव्हाच उलटली. बॅटरीची परीक्षा चाललीच आहे, तर आपलीही तालीम उरकावी, असे त्याने ठरवले.

पण पत्र्याचा टब नगाऱ्यासारखा घुमत होता. स्वतःचे वाक्य स्वतःलाच ऐकू येईना, म्हणून त्याने आवाज चढवला. संध्याकाळ झाली तरी मोटर घुमतच राहिली, त्याने आणखी चढवला. उसळणारे पाणी दाराखालून दिवाणखान्यात निघून गेले. आई दार बडवत होती, तेही त्याला कळले नाही.

"माझ्याशी लग्न कराल का?" तो जिवाच्या आकांताने ओरडला, आणि नेमकी त्याच क्षणी बॅटरी संपली. "घाई नाही!"

आता त्याला दारावरची थाप ऐकू आली.

"कोणाला विचारतोयस रे? मोटरला?" बाहेरून आई.

"नाही काकू, बहुतेक मला," दुसरा आवाज म्हणाला. "खाली माझ्या ओट्यावर पाणी गळतंय, म्हणून आले होते."

त्याने दार उघडले. पायजमा भिजलेला, हातात मीटर, तोंड नेहमीसारखे आ वासलेले.

"लोकांनी तोंड उघडावं म्हणून मी दिवसभर घसा कोरडा करते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणि तुम्ही कडी लावून बोलता?"

"ते... तुमचं छत..."

"छत वाळेल. उत्तर रविवारी, तळ्याच्या मधोमध. मात्र वल्ही घेऊन या. उत्तर 'नाही' असलं, तर परतताना रेंगाळायला नको."

रविवारी तो खांद्यावर वल्ही घेऊन काठावर हजर होता. डॉक्टरीणबाईंनी ती काढून घेतली आणि झाडाला टेकवून ठेवली.

"अहो, राहू द्या ना!" तो घाबरून म्हणाला. "बॅटरी चार्ज केलीय, पण तपासलेली नाही!"

"तेच बरं," म्हणत त्या होडीत जाऊन बसल्या.

होडी निघाली. पाणी शांत होते, मोटर निःशब्द होती, आणि तो मात्र मीटरकडे पाहत, परत कसे यायचे याचाच विचार करत होता.