उरलेल्या तेलाचे अण्णा

आमच्या सावेडीच्या सोसायटीत कुणी भजी तळली की वास जिना उतरायच्या आत बेल वाजते. दारात बबनअण्णा. एका हातात रिकामी बरणी, दुसऱ्या हातात ताज्या तेलाची पिशवी. भजी नको असतात त्यांना. कढईत उरलेलं तेल न्यायचं आणि त्याबदल्यात नवं द्यायचं!

"ताई, फोडणीला ठिवू नका. इष हाय ते."

काही बायका मुद्दाम चार पापड तळून पिशवीभर तेल घ्यायच्या, वर पाठीमागे हसायच्या. लाज कशाला वाटेल?

मलाही राग यायचा. माझं स्वयंपाकघर, माझं तेल! गाळून वापरतोच की सगळे. एकदा मी माझा लिपिडचा रिपोर्टच त्यांच्या नाकासमोर धरला. सगळं नॉर्मल.

"आमच्या मंडळींचा बी नॉर्मलच हुता," अण्णा म्हणाले. "कोलेस्टेरॉल किती हाय ते कागद सांगतो. त्याला गंज चढलाय का, ते न्हाई सांगत. गंजलेलं लई वंगाळ. नसंच्या भिंतीत शिरून बसतं."

मंडळी म्हणजे त्यांची बायको. मिरजगावला हायवेवर अण्णांचा वड्याचा गाडा होता. गाडा बंद केला की कढईतलं काळं तेल घरी न्यायचे, त्यातच घरची भाजी व्हायची. एके सकाळी बाई गॅसपुढेच कोसळल्या. हार्ट अटॅक. डॉक्टर म्हणाले, कारणं बरीच असतात. अण्णा एकच धरून बसले. गाडा मुलाला, संतोषला देऊन इथे लेकीकडे आले.

हल्ली संतोषच्याही छातीत कळ येते, हे कळल्यापासून त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. गेल्या रविवारी मी मिरजगावला माहेरी निघाले, तर अण्णा न विचारताच कारमध्ये येऊन बसले.

गाड्यावर गर्दी. कढईतलं तेल डांबरासारखं.

"संतोष, वतून दे रं ते."

"तेल टाकायचं न्हाई, हे तुमीच शिकवलं ना?" तो गिऱ्हाइकांदेखत ओरडला. "आईला तेच खाऊ घातलं. आता मला शानपन शिकवताय व्हय?"

जिभेला काही हाड! वाटलं, द्यावी एक कानाखाली. अण्णा मान खाली घालून उभे होते.

घाणा निघाला. मीठ बघायला प्रत्येक घाण्यातला पहिला वडा संतोष स्वतः खातो. त्याने तो तोंडाशी नेला, तोच अण्णांनी हातातून काढून घेतला. मला वाटलं, आता फेकतात.

अण्णांनी तो खाल्ला. सगळा, चटका बसत असताना.

"मीठ बराबर हाय," ते म्हणाले. "फुडच्या घान्याचं बी मीच बघतो. तू नगं खाऊ."