चारशे त्रेचाळीस नंबरचं दार

एका जंगलात पाणी प्यायला नंबर लावावा लागत नसे, तेव्हाची गोष्ट सांगितली असती. पण ती फार लहान आहे, मुलांनो. तहान लागायची, प्राणी यायचे, पाणी पिऊन जायचे. संपली गोष्ट. म्हणून त्यानंतरची सांगतो.

सिंहमहाराज एकदा शेजारच्या जंगलात पाहुणे म्हणून गेले. तिथे पाणवठ्याची वेबसाइट होती. परत आले ते हट्ट घेऊनच. आपल्याकडेही हवी. घरबसल्या मोबाइलवर नंबर घ्यायचा, तो दाखवायचा, मगच पाण्याला तोंड लावायचं. नंबर तपासायला पाणवठ्यावर दोन तरस बसवले.

वेबसाइट वानराने तयार केली. ती ठेवायला सर्व्हर आणला. सर्व्हर म्हणजे, कोणी कुठूनही विचारलं तरी उत्तर देणारं यंत्र. त्याला उकाडा सोसत नाही, म्हणून टेकडीखालच्या थंड गुहेत त्याची सोय केली. आणि त्याच्याजवळ दगडोबा नावाच्या म्हाताऱ्या कासवाला नेमलं. दगडोबाला एका जागी बसता येतं, एवढीच त्याची पात्रता कागदावर लिहिली होती.

उद्घाटन थाटात झालं. महाराजांनी गुहेत येऊन स्वतःच्या पंजाने बटण दाबलं. पहिला नंबर मिळाला. टाळ्या झाल्या. महाराज पाणी पिऊन झोपले.

मग बाकीचे प्राणी आपापल्या घरून बटण दाबू लागले. मोबाइलवर एक चाक उमटलं आणि फिरत राहिलं. सकाळी फिरलं, दुपारी फिरलं. नंबर कोणालाच मिळाला नाही.

वैशाखाचे दिवस होते. सावळी नावाची हरिणी आपल्या पाडसाला घेऊन गुहेजवळच्या करवंदीखाली येऊन बसली. तिने खारीकडून चाळीस वेळा बटण दाबून घेतलं होतं. पाडस ओलसर दगड चाटत होतं. दगडोबा गुहेच्या तोंडाशी बसून ते बघत होता.

वेबसाइट दुरुस्त करायला कोल्ह्याच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. कोल्ह्याने वानराला बोलावलं. वानर म्हणाला, माझ्याकडची प्रत माझ्या फांदीवर उत्तम चालते, येऊन बघा. समितीने झाडाखाली जाऊन पाहिलं. खरंच चालत होती. तेव्हा कोल्ह्याने बराच विचार करून सांगितलं, की मग ती फांदीच तोडून गुहेत आणा.

फांदी आणली. चाक फिरतच होतं.

मग सर्व्हर सात वेळा बंद करून चालू केला. बटण हिरवं होतं, ते निळं केलं. गुहेच्या तोंडाला लिंबू-मिरची बांधली. दगडोबा एकदा म्हणाला, की सर्व्हर आपली रोजनिशी लिहितो, ती कोणी वाचली का? तिला लॉग म्हणतात, हेही त्याने सांगितलं. कोल्हा हसला. बसायला नेमलंय ना दगडोबा, मग बसा, म्हणाला.

तिसऱ्या दिवशी पाडसाने दगड चाटायचंही सोडलं. तेव्हा दगडोबा उठला. त्याला भरभर वाचता येत नव्हतं. एकेका अक्षरावर बोट ठेवत त्याने लॉग वाचायला घेतला. त्यात काहीच बिघाड लिहिला नव्हता. लिहिलं होतं ते एवढंच: महाराज आले, त्यांना नंबर दिला. त्यानंतर कोणीही आलं नाही.

म्हणजे आत बिचारा सर्व्हर तयारीने बसून होता. सगळ्यांची वाट बघत होता.

आता, सर्व्हरला हजारो दारं असतात, मुलांनो. बाहेरच्यांसाठी त्यातलं एकच उघडं ठेवतात. चारशे त्रेचाळीस नंबरचं. त्या दारावर शिदबा साळिंदर राखणीला होता. दगडोबा सावकाश चालत त्याच्याकडे गेला. दार घट्ट लावलेलं होतं.

"शिदबा, दार कोणी लावायला सांगितलं?"

"महाराजांनी. उद्घाटनात गर्दी नको म्हणाले. मी सांगेपर्यंत कोणाला आत सोडू नकोस, असंही म्हणाले."

"उद्घाटन होऊन तीन दिवस झाले रे."

"त्यांनी अजून सांगितलेलं नाही."

"आणि दार कोणी ठोठावलं नाही?"

"ठोठावलं तर. सगळं जंगल ठोठावतंय," शिदबा काटे फुलवून म्हणाला. "पण एकाला आत सोडलं असेल तर नाव सांगा."

दगडोबाने कोल्ह्याला गाठून सगळं सांगितलं. कोल्ह्याने आधी इकडेतिकडे पाहिलं.

"महाराजांची चूक असं काही नसतं, दगडोबा. आणि चूकच नसेल, तर समिती दुरुस्त काय करणार?"

त्यापेक्षा पाणवठाच दाराजवळ हलवता येईल का, याचा अभ्यास सुरू आहे, असंही त्याने सांगितलं.

दगडोबा परत आला. पाडस आईच्या पायाशी उभं राहायला गेलं आणि गुडघ्यांवर बसलं. सावळीने दगडोबाकडे पाहिलं.

तो तसाच दरबारात गेला. पोचायला त्याला वेळ लागला, पण पोचला. महाराज नुकतेच पाणी पिऊन आले होते. त्यांच्याकडे नंबर असल्यामुळे वेबसाइट चालते, अशीच त्यांची समजूत होती.

दगडोबाने मान बाहेर काढली.

"महाराज, दार उघडायची आपली आज्ञा घ्यायला मी यायला हवं होतं. मी विसरलो. चूक माझी."

"मग उघडा की," महाराज म्हणाले, आणि त्यांनी जांभई दिली.

एवढंच लागत होतं.

दार उघडलं. दुसरा नंबर सावळीला मिळाला. तरसांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि ते बाजूला झाले. पाडस पाण्यात नाक बुडवून इतकं प्यायलं, की त्याला उचकी लागली.

संध्याकाळी निकाल वाचला. गुन्हेगार शोधल्याबद्दल कोल्ह्याला शाल. निष्ठेबद्दल शिदबाला पदक. वानराला नवी फांदी. दगडोबाला कामावरून काढलं. विसराळू कासवावर सर्व्हर सोपवणं बरं नव्हे, असं त्यात लिहिलं होतं.

दगडोबा चालू लागला. वाटेत सावळीने त्याला थांबवलं.

"आजोबा, चूक खरंच तुमची होती?"

दगडोबाने पाडसाकडे पाहिलं. त्याच्या हनुवटीवरून अजून पाणी टपकत होतं.

"त्याला विचार पोरी, पाणी गोड होतं का," तो म्हणाला.

तात्पर्य: नेहमी खरं बोलावं, हा नियम ज्यांना पहिला नंबर मिळाला आहे त्यांच्यासाठी आहे. बाकीच्यांनी बिघाड शोधायला शिकावं, पण त्याआधी पाठ टणक करून घ्यावी.