सासऱ्यांचा खांदा

सकाळी साडेनऊला सासरे ऑफिसात आले आणि दारातूनच त्यांनी जावयाला हात केला. हात सरळ कानाला लागून वर गेला. दुसऱ्या एखाद्या जावयाला कौतुक वाटलं असतं. हा जावई मात्र धसकून त्या हाताकडे बघत राहिला.

जावई इंजिनिअर होता आणि हातवारे ओळखणारं यंत्र बनवत होता. ज्यांचे हात कामाने माखलेले असतात त्यांनी पडद्याला बोट लावायचं नाही, नुसता हात हलवायचा. कॅमेऱ्याने पाहायचं आणि पडद्यावरचं पान उलटायचं, अशी योजना. पण यंत्राला शिकवायचं तर तेच ते हातवारे कोणीतरी हजारो वेळा करून दाखवावे लागतात. निदान चाळीस माणसांचे नमुने घ्यावेत असा दंडक होता. चाळीस माणसं आणायची कुठून? ऑफिसातल्या लोकांनी दुसऱ्याच दिवशी काखा वर केल्या. घरी मात्र निवृत्त सासरे रिकामे बसलेले. सहा महिने रोज दोन तास ते कॅमेऱ्यापुढे उभे राहिले, तेही न कुरकुरता. जावयाला आपली गरज पडली याचंच त्यांना अप्रूप होतं.

महिन्याभरापूर्वी यंत्र तयार झालं ते असं, की सासऱ्यांनी हात केला की पान उलटायचं आणि दुसऱ्या कोणी केला की ढिम्म. बाबांच्या हातालाच गुण आहे, असं सांगून जावयाने तो विषय मिटवला आणि यंत्र दाखवायच्या दिवशी बाबांनाच बोलावलं. एका मोठ्या बेकरीचे मालक ते पाहायला येणार होते. त्यांनी नाही म्हटलं तर हा विभाग बंद, असं साहेबांनी स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं.

"बाबा, तुमचा हात इतका वर कसा गेला?"

"बरा झाला," सासरे म्हणाले आणि त्यांनी तो गोल फिरवूनही दाखवला. "महिनाभर तुझी बायको मला व्यायामाच्या डॉक्टरकडे नेतेय. तुला मुद्दामच नाही सांगितलं. म्हटलं, आज चार लोकांत झोकात हात करू."

झोकात केलेल्या पाच हातांना यंत्राने जुमानलं नाही. तेव्हा कुठे जावयाच्या डोक्यात प्रकाश पडला. यंत्र हात वर करणं शिकलंच नव्हतं. ते शिकलं होतं आखडलेला खांदा: कोपर छातीपर्यंत येऊन अडकायचं, अंग डावीकडे झुकायचं आणि तोंड कडू औषध घेतल्यासारखं व्हायचं. एवढं सगळं जमलं तरच पान उलटणार होतं.

त्याने बायकोला फोन लावला. "खांदा याच महिन्यात बरा करायचा होता का?"

"सहा महिने रोज दोन तास तू तो हात बघत होतास," ती म्हणाली. "दुखतोय हे तुला एकदाही दिसलं नाही?"

माणसाच्या हालचाली ओळखणं हाच ज्याचा धंदा, त्याला घरातल्या माणसाचं दुखणं ओळखता आलं नव्हतं. त्याला मनापासून लाज वाटली. पण धड लाज वाटून घ्यायलाही सवड नव्हती, कारण बेकरीचे मालक जिना चढत होते.

"बाबा, जरा पूर्वीसारखा उचला ना," तो काकुळतीला येऊन म्हणाला.

"पूर्वी मी तसा उचलत नव्हतो रे. तो तसाच उचलला जायचा."

मालक येऊन बसले. साठी उलटलेले, बोलायला कमी, चेहरा कंटाळलेला. सासऱ्यांनी अंग झुकवलं, तोंड वाकडं केलं, पण महिनाभर तालीम मिळालेला हात काही छातीशी थांबेना. मग साहेब स्वतः उठले. ते विव्हळण्यापर्यंत गेले, तरी पान उलटलं नाही. साहेबच उठले म्हटल्यावर स्वागतकक्षातल्या बाई आणि शिपाईही हाकेसरशी पुढे झाले. चार माणसं डावीकडे कलून, तोंडं वेडीवाकडी करून पडद्यापुढे उभी राहिली.

"यांना काही होतंय का?" मालकांनी काळजीने विचारलं.

"पद्धत आहे ती," जावई म्हणाला. दुसरं सांगणार काय?

दहा मिनिटं मालकांनी हा तमाशा सोसला. मग पुरे, आवरा आता, असं सांगायला त्यांनी स्वतःचा हात उचलला. कोपर छातीपर्यंत आलं आणि अडकलं. अंग डावीकडे गेलं. तोंड कडू झालं.

पान उलटलं.

मालकांनी पुन्हा हात उचलला. पुन्हा उलटलं. चाळीस वर्षं घमेली भरभरून पीठ मळलेला तो खांदा होता. सात पानं उलटेपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावरचा कंटाळा पार गेला.

"माझ्या या हाताला रस्त्यात टॅक्सी थांबत नाही," ते हळूच म्हणाले. "याला कळलं." त्यांच्या सगळ्या भट्ट्यांवर हेच यंत्र बसणार, असं त्यांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं.

साहेबांनी खुर्चीत अंग टाकलं. विभाग वाचला होता, आणि शहाण्या माणसाने इथे गप्प बसायचं असतं. पण सकाळची लाज जावयाला अजून टोचत होती.

"मालक, खरं सांगतो, याला फक्त आखडलेला खांदा ओळखता येतो," तो म्हणाला. "तुमच्याकडे तरुण पोरं आहेत. त्यांचे खांदे चांगले असणार. त्यांच्यासाठी हे चालणार नाही."

साहेबांनी टेबलाखालून त्याला लाथ मारली. मालक मात्र निवांत होते.

"आत्ता चांगले आहेत," ते म्हणाले. "चार वर्षं माझ्याकडे पीठ मळू देत."