तफावत निवारण समिती

विद्यापीठाच्या असे लक्षात आले की, प्रवेशाचे गुण सारखेच असूनही गोऱ्या विद्यार्थ्यांना पदवीत प्रथम वर्ग जितक्या सढळ हाताने मिळतो, तितका काळ्या विद्यार्थ्यांना मिळत नाही. बाब गंभीर असल्याने बिस्किटे मागवून समिती नेमण्यात आली.

समितीत एखादी काळी व्यक्ती असावी, असा ठराव नऊही गोऱ्या सदस्यांनी एकमताने केला. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षातली एफुआ अन्साह सापडली. तिला प्रथम वर्ग हवाच होता. त्याशिवाय संशोधनाची कबूल झालेली जागा जाणार होती.

"पण मंगळवारी माझी प्रयोगशाळा असते, मॅडम," ती अध्यक्षा डॉ. प्रुडन्स व्हिटलॉकना म्हणाली.

"अगं, पण मंगळवारच सगळ्यांना जमतो!"

पुढे पाच उपसमित्या झाल्या. प्रत्येकीत एक काळी व्यक्ती हवी होती आणि उपलब्ध एकच होती. एफुआ पाचही ठिकाणी बसली, भित्तिपत्रकासाठी हसली, उपाहारगृहाचा पश्चिम आफ्रिकी जोलॉफ भात चाखून त्याच्या अस्सलपणाबद्दल सही करून आली.

"भात चाखायला गेलीस की शिकायला?" आई फोनवर कडाडली. "इकडे मावशीनं पदवीदानासाठी आपल्या केंटे कापडाचा झगा शिवायलाही टाकला!"

एफुआचा प्रकल्प एक दिवस उशिरा गेला. आदल्या दिवशी 'विद्यार्थ्यांना वेळ का पुरत नाही?' या विषयावर सहा तासांचे चर्चासत्र होते आणि प्रमुख वक्ती तीच होती. नियमानुसार गुण कापले गेले. प्रथम वर्गाच्या सत्तर टक्क्यांना एक गुण कमी पडला.

"मॅडम, मी तुमच्याच चर्चासत्रात बोलत होते!"

"म्हणून तर मला जास्त वाईट वाटतंय. पण नियमात आजार, अपघात आणि मृत्यू एवढंच बसतं. घरात कुणी गेलं का?"

"नाही."

"अरेरे," डॉ. व्हिटलॉक हळहळल्या.

संशोधनाची जागा गेली. तफावत वाढली, म्हणून समितीला मुदतवाढ मिळाली आणि पूर्णवेळ निवारण अधिकाऱ्याची जाहिरात निघाली. अनुभव असल्यास उत्तम. प्रथम वर्ग अनिवार्य. एफुआचा अर्ज छाननीतच बाद झाला. मध्ययुगीन संगीतात प्रथम वर्ग मिळवलेला पेरेग्रिन नेमला गेला.

त्याने एफुआवर अहवाल लिहिला. त्याला पारितोषिक मिळाले. अहवालाचे वाचन ऐकताना सभागृहाचे डोळे पाणावले. चूक नेमकी कोणाची, हे मात्र कोणालाच ठरवता येईना. कारण जमलेला प्रत्येक जण सज्जन, हळवा आणि या विषयावर आवर्जून वाचणारा होता. अगदी आपल्यासारखा.